जीटीए ट्रिलॉजीचं रीमास्टर: धुकं परत आलंय, आता तरी घ्यावं का?

विजापूर_वेस

जीटीए मालिकेतल्या जुन्या 'सॅन अँड्रियास' या गेममध्ये माउंट चिलियाडच्या माथ्यावर पोचलं की खाली नुसतं धुकं दिसायचं. त्याच्या पलीकडे कुठेतरी लॉस सँटोस आहे एवढं माहीत असायचं, पण दिसायचं नाही. २०२१ च्या रीमास्टरमध्ये, म्हणजे नव्याने सजवून काढलेल्या आवृत्तीत, तोच डोंगर चढलो तर अख्खा नकाशा समोर अंथरलेला. इकडे शहर, तिकडे वाळवंट, कडेला समुद्र. चित्र एकदम स्वच्छ. आणि ते प्रचंड वाटणारं राज्य एवढंसं होऊन गेलेलं.

धागा काढायचं कारण असं की नवीन घेणारी पोरं अजून विचारतात, 'डेफिनिटिव्ह एडिशन (म्हणजे हेच रीमास्टर) घेऊ का?' आणि त्यांना मिळणारी उत्तरं सगळी २०२१ मधल्या रागाची असतात. तो राग खराच होता. पण गेम त्यानंतर बराच बदललाय, म्हणून एकदा नीट बोलून घेऊ.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीटीए थ्री, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास असे तीन गेम एकत्र, अनरियल इंजिन ४ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर नव्याने बसवून ११ नोव्हेंबर २०२१ ला आले. काम ग्रोव्ह स्ट्रीट गेम्सकडे होतं. या मंडळींनी याआधी वॉर ड्रम स्टुडिओज या नावाने याच गेमच्या मोबाइल आवृत्त्या केल्या होत्या. आल्या आल्या गेमची कंपनी रॉकस्टार हिचा लाँचरच (पीसीवर गेम सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) बंद पडला आणि पीसीवरची विक्री काही दिवस थांबवावी लागली. पाऊस पडला की पडद्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं यायचं आणि समोरचा रस्ता दिसेनासा व्हायचा. पाण्यावर मात्र तोच पाऊस गायब! माणसांचे चेहरे रबरी. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं चुकलेली, कारण जुनी चित्रं एआय सॉफ्टवेअरने मोठी केली होती आणि त्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. १९ नोव्हेंबरला रॉकस्टारने जाहीर माफी मागितली.

आपल्या सोलापुरात या गेमचं काय स्थान होतं ते वेगळं सांगायला नको. नवी पेठ, सात रस्ता, अशोक चौक, जिथे म्हणून तासावर संगणक मिळायचा तिथे डेस्कटॉपवर व्हाइस सिटीचा आयकॉन असायचाच. पीसीवर तो २००३ मध्ये आला. १२८ एमबी रॅम आणि हार्डडिस्कवर ९१५ एमबी जागा एवढ्यावर चालायचा. मिशन कोण खेळायचं? पँझर हा चीट कोड टाइप करायचा, रणगाडा घ्यायचा, लाइट जाईपर्यंत गावभर फिरायचं. पण त्या फिरण्यातच आम्हाला ते शहर पाठ झालं. ओशन बीचचा रस्ता, संध्याकाळचं ते नारिंगी आभाळ, पावसात ओला डांबरी रस्ता आणि त्यात पडलेले निऑनचे रंग. म्हणून सांगतो, आभाळाचा रंग बदलला की ते शहर आमचं राहत नाही. २०२१ ला नेमकं तेच घडलं होतं.

आता चांगली बातमी. १२ नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये 'क्लासिक लायटिंग' आलं. आभाळाचे जुने रंग परतले, धुकं परतलं. मी पुन्हा चिलियाडवर गेलो. खाली काही दिसेना, आणि मला फार बरं वाटलं. माझं मत: आज घ्यायला हरकत नाही. पण तीन वर्षं अर्धवट माल पूर्ण किमतीला विकला गेला, हे विसरायला मी तयार नाही.

बोला.

हुतात्मा_एक्स्प्रेस

पुण्यात नोकरी आहे, पण मूळचा सोलापूरचाच, म्हणून लिहितोय. धुक्याचं थोडं तांत्रिक.

प्लेस्टेशन २ मध्ये मुख्य मेमरी अवघी ३२ एमबी. एवढ्याशा जागेत तीन शहरं, मधला ग्रामीण भाग आणि वाळवंट मावणं शक्यच नव्हतं. त्यामुळे तुम्ही जिथे आहात त्याच्या आसपासचाच भाग डिस्कवरून वाचला जायचा आणि मागे पडलेला टाकून दिला जायचा. लांबचं काही भरलेलंच नसायचं, ते झाकायला धुकं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

पण सॅन अँड्रियासचा नकाशा बनवणाऱ्यांनी त्या धुक्याचा वापर किती डोक्याने केला ते बघा. पूर्ण नकाशा साधारण ६ किलोमीटर बाय ६ किलोमीटरचा. आपल्या महापालिकेची हद्द याच्या कितीतरी पट मोठी आहे. तरी लॉस सँटोसहून सॅन फिएरोला निघालं की लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखं का वाटायचं? रस्ते मुद्दाम वळणावळणाचे ठेवले होते. दर वळणाला टेकडी, नाहीतर झाडी. वाटेतल्या गावांमध्ये उजेड कमी. तुमची नजर कधीच लांब पोचू द्यायची नाही, हा सगळ्या रचनेचा पाया होता. धुकं काढणं म्हणजे हा पायाच उपसणं.

रीमास्टर करणाऱ्यांना वाटलं, आता मेमरी भरपूर आहे, मग दाखवू सगळं. विमानातून पाहिलं की सॅन फिएरो आणि लास व्हेंचुरास एकाच वेळी दिसायला लागले. मशीनला जमतं ते सगळं करायचंच असतं का, हा प्रश्न त्या टेबलावर कोणीतरी विचारायला हवा होता.

जुळे_सोलापूर

तुम्ही सगळे वयाने मोठे दिसता, राग मानू नका. मी हे गेम पहिल्यांदा रीमास्टरमध्येच खेळलो. जीटीए ५ खेळून मग मागे आलो. तुम्ही म्हणता ते जुनं व्हाइस सिटी मी एका दादाच्या कॉम्प्युटरवर लावून बघितलं आणि खरं सांगतो, मला ते खेळताच येईना. नेम कसा धरायचा तेच कळत नव्हतं. कॅमेरा गाडीच्या मागे अडकलेला. नकाशावर रस्ता दाखवणारी रेघ नाही.

रीमास्टरमध्ये हत्यारं निवडायला जीटीए ५ सारखं चक्र आहे, नेम नीट लागतो, जायचं ठिकाण ठरवलं की रस्ता दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिशन फसलं की ते लगेच पुन्हा सुरू करता येतं. सॅन अँड्रियासमधलं ते बिग स्मोकला मागे बसवून मोटारसायकल रेल्वेच्या बाजूने पळवायची असते ते मिशन घ्या. जुन्यात फसलं की दवाखान्यातून बाहेर यायचं, हत्यारं गेलेली, पुन्हा गाडी मिळवा, पुन्हा त्याच्या घरी जा, पुन्हा तेच बोलणं ऐका. कॉलेज, क्लास, सबमिशन यातून माणसाला रात्री कितीसा वेळ मिळतो? मी सॅन अँड्रियासची गोष्ट शेवटपर्यंत बघितली ती या सोयीमुळे. नायक सीजेच्या आईच्या मरणापासून सुरू होणारी आणि भावाभावांत फिरणारी ती गोष्ट इतकी चांगली आहे की ती आमच्या वयाच्या पोरांपर्यंत पोचायलाच पाहिजे. धुकं असो नसो.

विजापूर_वेस

@जुळे_सोलापूर राग कसला बे! मुद्दा पटला. आमच्यातल्या बहुतेकांनी तो शेवट कधी बघितलाच नाही, कारण आम्ही रणगाड्यातून उतरलोच नाही. नियंत्रणं सुधारली ती चांगलीच सुधारली, त्यात वाद नाही. व्हाइस सिटीतलं ते खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचं मिशन कीबोर्डवर किती जणांनी सोडून दिलं असेल, याचा हिशेब नाही.

जॅकार्ड

घरात तीन पिढ्या चादरीचं काम, मी स्वतः डिझाइन करतो. गेमचं फार कळत नाही, मुलगा खेळतो आणि मी शेजारी बसून बघतो. पण हा धागा वाचताना माझ्या रोजच्या कामाचीच गोष्ट वाचतोय असं वाटलं, म्हणून लिहितो.

आमच्याकडे जुन्या चादरींची डिझाइनं ग्राफ पेपरवर हाताने काढलेली आहेत. एक चौकोन म्हणजे एका ठिकाणी उभा धागा वर की आडवा. त्यावरून पंचकार्ड व्हायची आणि ती मागावर चढायची. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर फाइल चालते. बरेच जण जुना ग्राफ स्कॅन करतात आणि सॉफ्टवेअरला सांगतात, कर नीट. सॉफ्टवेअर मोराच्या मानेवरच्या पायऱ्या पुसून छान गोल करून देतं. स्क्रीनवर बघायला सुंदर. प्रत्यक्ष विणलं की धागा नको तिथे लांबवर मोकळा राहतो, पायाच्या बोटात अडकतो आणि दोन धुण्यांत चादर ओढली जाते. जुन्या माणसाने ती पायरी तिथे ठेवली होती, कारण त्या जाड सुताला तीच झेपत होती. शिवाय पलंगावर अंथरलेली चादर माणूस चार हातांवरून बघतो, तिथून ती मान गोलच दिसते.

मुलाने मला सॅन अँड्रियासमधलं एक दुकान दाखवलं, टफ नट डोनट्स. त्याच्या पाटीवर मोठा नट आहे, पान्याने फिरवतात तो सहा कोनांचा. नावातली सगळी गंमत त्या कोनांत. रीमास्टरमध्ये तो नट घासून गोल करून टाकला होता. मी लगेच म्हणालो, हे करणाऱ्याने पाटी वाचलेली नाही. वस्तू मऊ करायची आज्ञा दिली आणि पुढच्या वस्तूकडे गेला. जुनं काम हातात घेतलं की आधी ते बनवणाऱ्याने काय विचार केला होता ते समजून घ्यायचं असतं. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ देणारा माणूस पगारावर ठेवावा लागतो.

पूर्वभागी

अण्णा, एक नंबर लिहिलंत. पाटी वाचलेली नाही, हे बरोबर.

मला गाण्यांबद्दल बोलायचंय. इथे अजून कुणी विषय काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत निम्मं कन्नड. इंग्रजी गाणं म्हणून जे काही कानावर पडलं ते व्हाइस सिटीच्या गाडीतल्या रेडिओवरून. जुन्या गेममध्ये सुरुवातीला गाडीत बसलं की मायकल जॅक्सनचं गाणं लागायचं. तो मायकल जॅक्सन आहे हेसुद्धा मला फार नंतर कळलं. १९८६ साल म्हणजे काय, मायामीसारखं शहर म्हणजे काय, हे सांगणारा तो रेडिओच होता.

रीमास्टरमध्ये त्याची गाणी नाहीत. गाण्यांचे परवाने ठरावीक काळासाठी असतात, संपले की काढावी लागतात. व्हाइस सिटीतली काही गाणी तर २०१२ मध्येच पीसीवरून निघाली होती, सॅन अँड्रियासमधली २०१४ मध्ये. कायद्याने ते बरोबर असेल, पण ज्याला 'डेफिनिटिव्ह' म्हणून विकता त्यात मूळ गोष्टीतला तुकडा नाही, हे खोक्यावर लिहायला काय हरकत होती? क्लासिक लायटिंगने आभाळ परत आलं, गाणी काही येणार नाहीत. व्हाइस सिटीचा नायक टॉमी, त्याचा आवाज अभिनेते रे लिओटा यांचा, तो मात्र जसाच्या तसा आहे. २०२२ मध्ये ते गेले, त्यानंतर तो आवाज ऐकताना वेगळंच वाटतं.

कुर्डुवाडी_लोकल

निन्टेंडो स्विच (हातात धरून खेळायचा कन्सोल) असलेल्यांनी जपून. मी सुरुवातीच्या काळात स्विचवर घेतला होता. शहरात वेगाने गाडी चालवली की चित्र अडखळायचं, इमारती डोळ्यांसमोर उगवायच्या. अपडेटनंतर सुधारलाय, तरी जमत असेल तर पीसी किंवा प्लेस्टेशनवरच घ्या. प्रवासात खेळायची हौस असेल तर मोबाइलची आवृत्ती बरी. एवढंच.

हुरडा_ताई

मोबाइलचा विषय निघाला म्हणून.

नेट कॅफेच्या आठवणी सगळे दादालोक सांगतायत. आमच्यासारख्या मुली तिथे जात नव्हत्या. म्हणजे कुणी दार अडवलं नव्हतं, पण पडदे लावलेल्या त्या खोलीत पोरांच्या गर्दीत जाऊन बसायची हिंमत कुठल्या मुलीने केली असती, आणि घरच्यांनी तरी करू दिली असती का? भाऊ घरी येऊन सांगायचा, आज हेलिकॉप्टर उडवलं, आज पूल उघडला. मी ऐकायचे. वादळाच्या इशाऱ्यामुळे पूल बंद असतो आणि पलीकडचं बेट पुढे उघडतं, हे मला गेम न खेळताच माहीत होतं.

डिसेंबर २०२३ मध्ये तिन्ही गेम नेटफ्लिक्सवरून मोबाइलवर आले. मुलांचा अभ्यास आटोपल्यावर मी व्हाइस सिटी लावला. क्लासिक लायटिंग या मोबाइल आवृत्तीत पहिल्यापासून होतं, ते काम व्हिडिओ गेम्स डिलक्स नावाच्या वेगळ्या स्टुडिओने केलं. त्यामुळे मला मिळालं ते नारिंगी आभाळच मिळालं. तो बंद पूल मी स्वतः बघितला. मग मिशनं करत करत तो उघडला आणि गाडी पलीकडे नेली, तेव्हा भावाला फोन केला. तो दुबईला असतो. दोघं खूप वेळ बोललो.

तुमची तक्रार रास्त आहे, पण माझ्यासारख्यांना हे शहर पहिल्यांदा उघडलं ते रीमास्टरमुळे, हेही या धाग्यात नोंदलेलं असू द्या.

विजापूर_वेस

@हुरडा_ताई, नोंदलं. हा धागा काढल्याचं चीज झालं.

तुमच्या माहितीतला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. मोबाइलवर डिसेंबर २०२३ ला मिळालेली प्रकाशयोजना पीसी आणि कन्सोलवाल्यांना नोव्हेंबर २०२४ ला मिळाली. म्हणजे जवळपास वर्षभर, पूर्ण ६० डॉलरच्या किमतीचा गेम घेतलेला माणूस नेटफ्लिक्सवाल्यापेक्षा वाईट आभाळ बघत होता. यावर कंपनीने कधी नीट खुलासा दिला नाही.

हुतात्मा_एक्स्प्रेस

मला सर्वात जास्त खुपलेली गोष्ट वेगळीच आहे. रीमास्टर येण्याआधी मूळ तिन्ही गेम डिजिटल दुकानांतून काढून टाकले. लोक चिडले, मग १९ नोव्हेंबरच्या त्या निवेदनात पीसीसाठी ते रॉकस्टारच्या स्वतःच्या दुकानात परत आणायचं कबूल केलं. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात नवीन माणसाला मूळ गेम वेगळा विकत मिळत नाही, डेफिनिटिव्ह एडिशन तिथे १९ जानेवारी २०२३ ला आली.

आणि त्याच वर्षी, २०२१ मध्ये, री-थ्री नावाचा चाहत्यांचा प्रकल्प बंद पाडला. काही जणांनी स्वतःच्या वेळेत, पैसे न घेता, जीटीए थ्री आणि व्हाइस सिटीचा कोड उलगडून पुन्हा लिहिला होता, म्हणजे मूळ गेम आजच्या मशीनवर नीट चालावा. तुमच्याकडे मूळ गेमच्या फाइली असल्याशिवाय तो चालतच नव्हता. फेब्रुवारीत नोटीस आली, सप्टेंबरमध्ये रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टूने कॅलिफोर्नियात खटला भरला. जॅकार्डदादा म्हणतात तो 'आधी समजून घेणारा माणूस' इथे फुकट काम करत बसलेला होता. त्याला कोर्टात ओढलं आणि काम एआय सॉफ्टवेअरकडे दिलं.

रीमास्टर वाईट निघालं तर एकवेळ चालतं, जुनं लावता येतं. जुनं बाजारातून उचललं की तुलनाच संपते. वीस वर्षांनी कोणी विचारलं की २००२ चा व्हाइस सिटी कसा दिसायचा, तर दाखवायला तो मूळ गेम विकत मिळाला पाहिजे. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती प्रत्येक कंपनीकडे आहे.

जुळे_सोलापूर

हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे मी ज्या सोयींचं कौतुक करतोय तशा सोयी चाहत्यांनीही केल्या होत्या?

हुतात्मा_एक्स्प्रेस

बऱ्याचशा. कॅमेरा सुधारला होता, रुंद स्क्रीनची सोय होती, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना येणारी लोडिंग स्क्रीन काढली होती. म्हणून तर हळहळ वाटते.

पूर्वभागी

चांगलं काम कसं असतं त्याचंही उदाहरण द्या की. माझं मत माफियाला. २००२ चा गेम २०२० मध्ये हँगर १३ ने मुळापासून पुन्हा बांधला. लॉस्ट हेवनचे रस्ते थोडे बदलले, संवाद नव्याने घेतले, पण १९३० च्या दशकातल्या त्या शहराचा जीव तोच राहिला. रात्री पावसात गाडी चालवली की कळतं. तिथे सगळं नव्याने बनवायचं ठरवून तेवढी माणसं आणि तेवढा वेळ लावला होता. आणि जुना माफिया स्टीमवर शेजारीच विकायला ठेवलाय. असं करता येतं.

विजापूर_वेस

माफियाचं एकदम पटलं. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

अक्कलकोट_रोड

नवीन सदस्य. धाकट्या भावाला सुट्टीत ट्रिलॉजी घेऊन द्यायचीय. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि जुनं जीटीएक्स १०५० कार्ड आहे. चालेल का? आणि आमच्या जुन्या पीसीवर मूळ सॅन अँड्रियासची सेव्ह फाइल आहे, ती यात लावता येईल का?

हुतात्मा_एक्स्प्रेस

चालेल. किमान मागणी ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७६० ची आहे, तुमचं कार्ड त्याच्या जवळपासच पडतं, फक्त ग्राफिक्स मध्यम ठेवा. तिन्ही गेमना मिळून ४५ जीबी जागा लागते. जुनी सेव्ह फाइल यात चालत नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागेल.

विजापूर_वेस

आणि सेटिंग्जमध्ये जाऊन आधी क्लासिक लायटिंग चालू करून द्या, मग त्याच्या हातात द्या. सुरुवात व्हाइस सिटीपासून करू दे, तो लहान आहे आणि लवकर संपतो. सॅन अँड्रियास नंतर. मूळ सॅन अँड्रियास असलेला पीसी मात्र विकू नका, बंद असला तरी ठेवा.

कुर्डुवाडी_लोकल

मे महिन्यात खेळणार असेल तर ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरमधून फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) ६० वर बांधून टाका. ४४ अंशात लॅपटॉप तापला की गेम आपोआप अडखळतो आणि पोरं रीमास्टरला नावं ठेवतात. दुपारी बंद, रात्री जेवणानंतर खेळू द्या.